हरलेल्या मंत्र्याची कीर्ती

शत्रूची दीड लाख फौज वेशीशी येऊन ठेपली आहे. आत सैनिक जेमतेम अडीच हजार. सेनापती चारही दरवाजे सताड उघडायला लावतो, दारांत काही शिपाई साध्या वेशात झाडलोट करायला उभे करतो आणि स्वतः तटावर धूप लावून तंतुवाद्य छेडीत बसतो. शत्रूचा सेनापती सिमा यी हे पाहून चक्रावतो. हा माणूस कधी धोका पत्करीत नाही, तेव्हा आत सापळा असणारच, असे ठरवून तो फौज मागे फिरवतो.

चीनमध्ये ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तटावरच्या माणसाचे नाव झुगे लियांग. गोष्ट झकास आहे. पण ती घडलेली नाही. तिचे जुने रूप तपासून पेई सोंगझी या भाष्यकाराने इ. स. ४२९ मध्येच दाखवून दिले होते, की त्या वेळी सिमा यी तिथे नव्हताच; तो दूर दुसऱ्या आघाडीवर होता. गोष्टीने मात्र त्याला दाद दिली नाही.

'चीनचा चाणक्य' म्हटले की आपल्याला चटकन ओळख पटते. मला ही उपमा पटत नाही. चाणक्याने चंद्रगुप्ताला राज्य मिळवून दिले, अशी आपली परंपरा सांगते. झुगे लियांग ज्या राज्यासाठी झिजला, ते त्याच्यामागे २९ वर्षांत बुडाले. मग हरलेल्या मंत्र्याची कीर्ती अठराशे वर्षे का टिकावी?

त्याचा जन्म इ. स. १८१ चा, आजच्या शानडोंग प्रांतातला. आईवडील लहानपणीच गेले, काकाने सांभाळले. तोही वारल्यावर पोरगा शेती करू लागला. हान साम्राज्य तेव्हा मोडकळीला आले होते आणि उत्तर त्साओ त्साओ या सरदाराच्या मुठीत होती. राजघराण्याशी नाते सांगणारा, पण हाती धड मुलूख नसलेला लिऊ बेई २०७ साली सल्ला मागायला या तरुणाच्या झोपडीत आला. एकदा नव्हे, तीनदा. सल्ला मागणारा सेहेचाळीस वर्षांचा, देणारा सव्वीस वर्षांचा! झुगेने सांगितले ते असे: त्साओ त्साओशी आत्ताच भिडू नका, पूर्वेच्या सुन च्युआनशी दोस्ती करा, मधला जिंग प्रांत आणि पश्चिमेचा डोंगरांनी वेढलेला यी प्रांत घ्या, मग संधी पाहून उत्तरेवर चाला.

पुढच्याच वर्षी यांगत्से नदीवर लाल कड्यांची लढाई झाली आणि त्साओ त्साओ हरला. चौदाव्या शतकातल्या 'तीन राज्यांची कथा' या कादंबरीत वारा वळवतो तो झुगे, आणि गवताने भरलेल्या होड्या धुक्यात पाठवून शत्रूचेच लाखभर बाण पळवतो तोही झुगेच. इतिहासात त्याचे काम वकिलाचे होते. सुन च्युआनच्या दरबारी जाऊन त्याने युती जमवली. आग लावली ती सुन च्युआनच्या सेनापतींनी. बाणांचा किस्साही मुळात सुन च्युआनच्या नावावर आहे, आणि तो २१३ सालचा.

खरी कसोटी २२३ साली आली. पराभवाने खचलेला लिऊ बेई मृत्युशय्येवर होता. थोरला मुलगा सतरा वर्षांचा, कर्तृत्व बेताचे. लिऊ बेईने झुगेला सांगितले, पोरगा लायक वाटला तर सांभाळ, नसेल तर गादी तूच घे. असे बोलणे खरे असते की मंत्र्याची परीक्षा, यावर चिनी पंडित आजवर भांडत आले आहेत. झुगेने गादी घेतली नाही. पुढची अकरा वर्षे सगळी सत्ता हातात असताना तो त्या पोराला बादशहा म्हणून मुजरा करीत राहिला. चेंगडूला माझी तुतीची आठशे झाडे आणि थोडी हलकी जमीन आहे, मुलांना तेवढे पुरे, असे त्याने बादशहाला लिहून कळवले होते.

राज्य मात्र अगदीच लहान. २६३ साली शरण जाताना दिलेल्या पटात दोन लाख ऐंशी हजार घरे आणि एक लाख दोन हजार सैनिक आहेत. उत्तरेकडे याच्या दुपटीहून जास्त घरे होती. त्यात मध्ये छिनलिंग पर्वत. २२८ पासून मोहिमांमागून मोहिमा निघाल्या आणि बहुतेक वेळा धान्य संपले म्हणून परतल्या. पहिल्याच मोहिमेत मा सू या लाडक्या अधिकाऱ्याने ज्येटिंगची जागा घालवली. झुगेने त्याला देहदंड दिला आणि निवड आपली चुकली म्हणून स्वतःचा दर्जा तीन पायऱ्या खाली उतरवून घेतला.

त्याचा दोषही सांगितला पाहिजे. वीस फटक्यांच्या वरची प्रत्येक शिक्षा तो स्वतः तपासायचा. आपल्या ओळखीतही असा एखादा साहेब असतो. टाचण्यांच्या डबीच्या पावतीवरही सही त्याचीच लागते. सिमा यीने झुगेच्या दूताला लढाईचे काही विचारलेच नाही. तुमचे साहेब जेवतात किती, काम किती करतात, एवढेच विचारले. उत्तर ऐकून म्हणाला, हा फार दिवस काढणार नाही. २३४ च्या शरदात वूझांगच्या पठारावर, छावणीतच झुगे गेला.

ली यान नावाच्या मोठ्या अधिकाऱ्याला धान्यपुरवठ्यात कुचराई करून वर खोटे बोलल्याबद्दल झुगेने २३१ साली पदावरून काढून हद्दपार केले होते. झुगे गेल्याची बातमी कळताच ली यानने अंथरूण धरले आणि तो मेला. मला परत बोलावील तर हाच, दुसरे कोणी नाही, अशी आशा तो धरून होता. मला त्या उघड्या दरवाजांच्या गोष्टीपेक्षा ही मोठी वाटते. ज्याला शिक्षा झाली त्याचाही शिक्षा देणाऱ्यावर इतका विश्वास! चेन शोऊ हा त्याचा पहिला चरित्रकार. त्याने सिमा यीच्या नातवाच्या राजवटीत बसून लिहिले, की कारभारात याला तोड नव्हती; ऐन लढाईतले डावपेच मात्र बहुधा त्याचे बलस्थान नसावेत. म्हणजे आज ज्यासाठी नाव घेतात, नेमके तेच नव्हे.

चेंगडूत लिऊ बेईचे मंदिर आहे. दारावरची पाटी बादशहाच्या नावाची. लोक मात्र त्याला झुगेच्या पदवीवरून 'वूहोऊचे मंदिर' म्हणतात. पुढच्या दालनात लिऊ बेई, मागच्या थोड्या सखल दालनात हाती पिसांचा पंखा घेतलेला झुगे. २६३ साली लढून मेलेले त्याचे मुलगा आणि नातू त्याच्या दोन बाजूंना आहेत. लिऊ बेईजवळ नातवाची मूर्ती आहे. ज्याला झुगेने अकरा वर्षे मुजरा केला, त्या मुलाची मूर्ती तिथून फार पूर्वीच हलवली गेली.