रूपकांआडचा स्थलांतरित : सांस्कृतिक बहुविधता आणि अस्मितेचा प्रश्न

प्रस्तावना

भिन्न भाषा, धर्म व चालीरीती असलेले लोक एका समाजात एकत्र येतात, तेव्हा त्यांच्या सहजीवनाचे वर्णन बहुधा रूपकांच्या साहाय्याने केले जाते. मूस, मोझाइक, दुधातील साखर ही त्यांतील परिचित रूपके होत. ती केवळ भाषेचे अलंकार नाहीत; स्थलांतरिताकडून समाज काय अपेक्षितो, हेही ती सुचवितात. प्रस्तुत लेखात या रूपकांचा विचार महाराष्ट्राशी निगडित उदाहरणांच्या आधारे केला आहे. तो करताना दोन प्रश्न समोर ठेवले आहेत : मिसळताना बदलावे कोणाला लागते? आणि बदलाच्या अटी कोण ठरवितो?

प्रमुख रूपके

'मेल्टिंग पॉट' ही संज्ञा इझ्रायल झँगविल यांच्या त्याच नावाच्या, १९०८ साली वॉशिंग्टन येथे प्रथम सादर झालेल्या नाटकामुळे रूढ झाली. युरोपातून आलेले विविध वंशांचे लोक एकाच मुशीत वितळून नवा अमेरिकी माणूस घडेल, ही त्यामागील कल्पना होती. हॉरेस कॅलन यांनी १९१५ मध्ये तिला आक्षेप घेऊन वाद्यवृंदाचे रूपक मांडले. त्यात प्रत्येक वाद्याचा नाद स्वतंत्र राहूनही मेळ साधतो. कॅनडात जॉन मरे गिबन यांच्या १९३८ च्या ग्रंथाने मोझाइकचे रूपक लोकप्रिय केले, तर १९७१ मध्ये त्या देशाने बहुसांस्कृतिकता हे अधिकृत धोरण म्हणून स्वीकारले.

आपल्याकडे दुधातील साखरेची कथा पारशांच्या आगमनाशी जोडली जाते. राजाने दुधाने काठोकाठ भरलेले भांडे पाठविले आणि पारशी धर्मगुरूने त्यात साखर मिसळून ते परत केले, अशी ती कथा आहे. ती मौखिक परंपरेतील असून १५९९ च्या 'किस्सा-ए-संजान' या फारसी काव्यात आढळत नाही. त्या काव्यात आहेत त्या राजाच्या अटी : स्थानिक भाषा स्वीकारावी, स्त्रियांनी स्थानिक वेश धारण करावा, शस्त्रे खाली ठेवावीत. लोकस्मृतीत साखरेचा गोडवा राहिला. अटी मात्र मागे पडल्या. रूपक काय दाखविते याइतकेच ते काय झाकते, हे पाहणे यासाठी आवश्यक ठरते.

बेने इस्रायल : मुशीबाहेरचे आणि मुशीतले

कोकण किनाऱ्यावर स्थिरावलेल्या बेने इस्रायल समाजाचा परंपरागत व्यवसाय तेल गाळण्याचा होता. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' हे नाव मिळाले. त्यांनी मराठी आपलीशी केली आणि गावांवरून 'कर'प्रत्ययान्त आडनावे घेतली. १८८० च्या सुमारास मुंबईत तर बायबलमधील कथा मराठी कीर्तनाच्या रूपात सांगण्याची प्रथा त्यांनी सुरू केली. धर्म स्वतःचा, अभिव्यक्ती मराठी, असा हा मेळ होता.

१९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलमध्ये गेले. विविध देशांतून आलेल्या ज्यूंना एकजीव करणे हे त्या राष्ट्राचे घोषित ध्येय होते. तरीही १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथील प्रमुख धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या विवाहप्रसंगी त्यांच्या वंशावळीची चौकशी करण्याचे निर्देश दिले. या समाजाने आंदोलन केले. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने या प्रश्नात लक्ष घातल्यानंतर ते निर्देश मागे घेण्यात आले. मूस सर्वांसाठी खुली आहे असे म्हटले, तरी तिच्या तोंडाशी परीक्षक उभा असतो, हे या प्रकरणातून स्पष्ट होते.

तंजावर : कलमाचे रूपक

घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव (१६०८). त्यांच्या संप्रदायाचे मठ दूर तंजावरातही उभे राहिले. तेथे व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत भोसले घराण्याची सत्ता होती. बृहदीश्वर मंदिरात दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात कोरलेला १८०३ चा विस्तृत मराठी शिलालेख आजही पाहावयास मिळतो. तंजावरी मराठीवर तमिळचा प्रभाव पडला. उलट दिशेने, मराठी कीर्तनातील साकी, दिंडी, ओवी, अभंग हे प्रकार तमिळ हरिकथेत रुजले. येथे झाडावर बांधलेल्या कलमाचे रूपक अधिक समर्पक वाटते, कारण बदल दोन्ही बाजूंनी झाला.

तथापि हे मराठी लोक तेथे राज्यकर्ते म्हणून गेले होते, ही बाब दृष्टिआड करता येत नाही. त्यांच्या भाषेला राजाश्रय होता. जो सत्तेसह येतो त्याच्यासाठी यजमान समाजही बदलतो. जो केवळ श्रम घेऊन येतो त्याच्या वाट्याला असे कलम क्वचितच येते.

जालना : खरी भट्टी

जालना शहराची ओळख आज पोलाद उद्योगाशी जोडलेली आहे. येथील भट्ट्यांत भंगार वितळवून सळया तयार होतात आणि त्या कामासाठी अन्य राज्यांतील मजूर येतात. दि. ८ मे २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, जालन्याहून रेल्वेमार्गाने पायी निघालेल्या मध्य प्रदेशातील १६ मजुरांचा करमाडजवळ मालगाडीखाली मृत्यू झाला. थकून ते रुळांवर झोपले होते. ज्या शहरात लोखंड एकजीव होते, तेथे हे मजूर शहराशी एकजीव झालेले नव्हते; काम थांबताच त्यांना गावाकडे चालत निघावे लागले.

याच मराठवाड्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. तोडणी करणाऱ्या जोडीला 'कोयता' म्हटले जाते. हत्याराचे नाव माणसाला देणाऱ्या या शब्दात त्याचे गाव, बोली, देव यांपैकी काहीच उरत नाही. आपला प्रदेश एकाच वेळी स्थलांतरितांना पाठविणारा आणि सामावून घेणारा आहे. म्हणून हा प्रश्न आपल्यासाठी केवळ अमेरिकेचा किंवा कॅनडाचा राहत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, मूस, मोझाइक, साखर वा कलम यांपैकी कोणतेही रूपक स्वयंपूर्ण नाही. मिश्रण कसे दिसते ते प्रत्येक रूपक सांगते. भांडे कोणाच्या हाती आहे ते सांगत नाही. अभ्यासक्रमात ही रूपके शिकविताना ज्यांच्यासाठी ती योजली गेली, त्यांचा स्वतःसाठीचा शब्द कोणता, हाही प्रश्न अध्यापकांनी विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. आपल्या वर्गात ऊसतोड कामगारांची मुले असतात, तशी परप्रांतीय मजुरांचीही असू शकतात. त्यांना 'कोयता' किंवा 'परप्रांतीय' या नावांपलीकडे ओळखणे, ही सांस्कृतिक बहुविधतेच्या अध्यापनाची पहिली पायरी होय.