बेघरांसाठी अल्पखर्ची निवारा व त्याची नियमावली : सातारा-सांगलीच्या संदर्भात

२०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने १ लाख लोकसंख्येमागे किमान १०० बेघरांसाठी निवारा व प्रत्येकी ५० चौरस फूट जागा हा निकष ठरविला. २०११ च्या जनगणनेनुसार सांगली-मिरज-कुपवाड क्षेत्रात सुमारे ५००, तर सातारा शहरात १२० व्यक्तींची सोय अपेक्षित ठरते. खर्चातील बचत जागेत न करता बांधकामात करावी. लॉरी बेकर यांनी रूढ केलेल्या पोकळ वीटबांधणीत सुमारे २५ टक्के विटा वाचतात. सांगलीत जोत्याची उंची २०१९ च्या महापुराची पातळी लक्षात घेऊन ठरवावी.

नियमावली हाही आराखड्याचाच भाग होय. व्यसनबंदी व स्वच्छतेची पाळी आवश्यकच आहे. परंतु ओळखपत्राची सक्ती केल्यास किंवा दिवसा दार बंद ठेवल्यास कागदपत्रे नसलेला वा आजारी मनुष्य पुन्हा रस्त्यावरच येतो. सारांश, प्रत्येक नियम त्याच्यामुळे कोण बाहेर राहील, हे तपासूनच करावा.