स्मार्ट अंगठी : मापन, निदान आणि आपण

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत ऑपरेटर म्हणून काम करणारे एक गृहस्थ काही महिन्यांपूर्वी चिकित्सालयात आले. वय ४६ वर्षे. नाडीपरीक्षणासाठी त्यांनी हात पुढे केला, तेव्हा तर्जनीत काळ्या रंगाची गुळगुळीत अंगठी दिसली. मुलाने वाढदिवसाला दिलेली ती ‘स्मार्ट अंगठी’ होती. तक्रार निद्रेची होती. परंतु ती त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगितली नाही. मोबाईल समोर धरून ते म्हणाले, “डॉक्टर, गाढ झोप फक्त ४१ मिनिटं दाखवतंय. काहीतरी औषध द्या.”

“सकाळी उठल्यावर कसं वाटतं?” असे विचारले, तेव्हा ते क्षणभर थांबले आणि पुन्हा मोबाईलकडेच पाहू लागले. रक्तदाब मोजला, तो १६४/१०२ भरला. विश्रांती देऊन पुन्हा मोजला, तरी फारसा उतरला नाही. अंगठीने याविषयी अवाक्षर काढले नव्हते, कारण ते तिचे कामच नव्हते.

पालघर-बोईसर पट्ट्यात अशा अंगठ्या घातलेले रुग्ण आता अधूनमधून येऊ लागले आहेत. ‘ही घ्यावी का?’ हा प्रश्न आपल्यालाही विचारला जातो. त्याचे उत्तर उपहासाने देणे जितके अनुचित, तितकेच भारावून जाऊन देणेही अनुचित होय.

अंगठी नेमके काय मोजते?

फिनलंडमधील ओरा या कंपनीने २०१५ साली आपली पहिली अंगठी लोकांसमोर आणली. २०२३ पर्यंत अल्ट्राह्युमन, नॉईज, बोट या भारतीय कंपन्यांच्या अंगठ्या बाजारात आल्या आणि २०२४ मध्ये सॅमसंगचीही आली. या सर्वांचे मूळ तत्त्व एकच आहे. अंगठीच्या आतील बाजूस असलेले सूक्ष्म दिवे त्वचेवर प्रकाश टाकतात. प्रत्येक हृत्स्पंदनाबरोबर बोटातील रक्ताचे प्रमाण किंचित बदलते, त्यानुसार परत येणारा प्रकाशही बदलतो, आणि त्यावरून स्पंदनांची गती व दोन स्पंदनांमधील अंतर काढले जाते. जोडीला तापमापक आणि हालचाल टिपणारा संवेदक असतो. बोटात रक्तसंचार भरपूर असल्याने, मनुष्य स्वस्थ पडलेला असताना हे मापन बऱ्यापैकी विश्वसनीय ठरते. हालचाल सुरू झाली की त्याची अचूकता घटते.

येथवर ते खरे मापन आहे. गाढ झोप, स्वप्नावस्था, ‘सिद्धता-गुण’ हे मात्र मापन नसून गणिताने बांधलेले अनुमान आहे. निद्रेच्या अवस्था निश्चित करण्याची मान्य पद्धत म्हणजे प्रयोगशाळेत मेंदूच्या विद्युत्-लहरींची नोंद घेणे. अंगठी मेंदूपर्यंत पोहोचत नाही. मनुष्य निजला की जागा आहे, हे तिला बरेचसे कळते. परंतु डोळे मिटून निश्चल पडलेल्या जाग्या माणसालाही ती पुष्कळदा निद्रिस्त समजते. मग त्या ४१ मिनिटांवर औषधयोजना कशी करावी?

काही स्वस्त अंगठ्यांच्या जाहिराती तर सुई न टोचता रक्तशर्करा सांगण्याचा दावा करतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये असे घड्याळ वा अंगठी न वापरण्याची स्पष्ट सूचना दिली. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिनची मात्रा ठरली, तर प्रसंग प्राणावर बेतू शकतो. ऑक्सिजनच्या मापनाबाबत याच संस्थेने २०२१ मध्ये सावध केले होते की, बोटावरील ऑक्सिमीटरची अचूकता त्वचेच्या गडद वर्णामुळे कमी होऊ शकते. तेच प्रकाशतत्त्व वापरणाऱ्या अंगठीबाबतही आपल्या रुग्णांच्या संदर्भात हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

ही नाडीपरीक्षा नव्हे

येथे आपल्याच वर्गाला एक सावधगिरीचा शब्द सांगावासा वाटतो. अंगठीच्या आलेखावरून वात-पित्त-कफ सांगण्याचा मोह उद्या कोणालाही होईल. शार्ङ्गधराने नाडीच्या गतीचे वर्णन केले, ते वैद्याच्या बोटांना जाणवणाऱ्या स्पर्शाचे. योगरत्नाकराने नाडीला अष्टस्थानांपैकी एक स्थान दिले, एकमेव नव्हे. मूत्र, मल, जिह्वा, शब्द, स्पर्श, नेत्र आणि आकृती यांच्या संगतीतच ती बोलते. अंगठीजवळ दर्शन नाही, प्रश्न नाही आणि स्पर्शही एकाच प्रकारचा आहे.

तारापूरचा बॅज काय शिकवतो?

अंगावर मापक बाळगून काम करण्याची गोष्ट आपल्या परिसराला नवी नाही. तारापूरचे अणुऊर्जा केंद्र १९६९ साली सुरू झाले. किरणोत्सर्गाच्या क्षेत्रात काम करणारा कर्मचारी छातीवर टीएलडी बॅज लावतो. ठराविक काळाने तो प्रयोगशाळेत वाचला जातो. त्या बॅजच्या आकड्याला अर्थ आहे, कारण त्यामागे तीन गोष्टी उभ्या आहेत. मापकाचे प्रमाणीकरण झालेले असते. मर्यादा ठरलेली असते : पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० हून अधिक नाही. शिवाय मर्यादा जवळ आली तर काय करावयाचे आणि ते कोणी करावयाचे, हेही आधीच निश्चित असते.

हाच निकष अंगठीला लावून पाहावा. ‘सिद्धता-गुण ६२’ आला, तर मर्यादा कोणती? कृती कोणती? ती ठरवणार कोण? याचे उत्तर नसेल, तर तो आकडा माहिती देत नाही, फक्त चिंता देतो. अशा चिंतेची नोंद वैद्यकशास्त्रानेही घेतली आहे. झोपेचे आकडे सुधारण्याच्या ध्यासानेच झोप बिघडलेल्या रुग्णांचे वर्णन करताना अमेरिकी संशोधकांनी २०१७ मध्ये ‘ऑर्थोसोम्निया’ हा शब्द योजला.

पाळीची झोप

मग उपयोग काहीच नाही का? आहे. आमच्या या रुग्णाच्या मोबाईलमध्ये एक मौल्यवान गोष्ट होती, तिच्याकडे त्यांचे लक्षच गेले नव्हते. तीन महिन्यांच्या नोंदीत निजण्याची वेळ दर आठवड्याला बदलत होती. रात्रपाळीच्या आठवड्यात झोप दोन तुकड्यांत होती आणि विश्रांतीच्या वेळची स्पंदनगती वाढलेली होती. पाळ्या बदलणाऱ्या कामगाराची दिनचर्या केवळ प्रश्न विचारून इतकी नेमकी क्वचितच कळते.

आहार आणि ब्रह्मचर्य यांच्याबरोबर निद्रा हा शरीराचा उपस्तंभ होय, असे चरकाचार्य सांगतात. सवयीबाहेर जागरण घडल्यास जागरणाच्या निम्मा काळ, सकाळी, भोजनापूर्वी निजावे, असा वाग्भटाचा निर्देश आहे. नित्य रात्रपाळी करणाऱ्यास तो शब्दशः लागू करता येणार नाही. त्याला दिवसाही पुरेशी झोप हवीच. परंतु सकाळी घरी येऊन भरपेट जेवावे आणि लगेच आडवे व्हावे, ही आपल्याकडील सार्वत्रिक सवय सोडवण्यास त्या निर्देशाचा आधार मोठा आहे. आहारातील बदलानंतर झोप सलग झाली की नाही, हे पाहण्यास अंगठीची नोंद साहाय्यक ठरू शकते. रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःच्याच पूर्वीच्या नोंदीशी करावी, दुसऱ्याशी नव्हे. हे प्रकृतिविचाराशी सुसंगतच आहे.

व्यायामाचेही तसेच. दहा हजार पावलांचा दंडक १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला. आपल्याकडे अर्धशक्ती व्यायाम सांगितला आहे, आणि अर्धी शक्ती ज्याची त्याची निराळी असते. आठ तास यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला संध्याकाळी पावलांची संख्या पुरी करण्यास लावणे म्हणजे चिकित्सा नव्हे.

रुग्णास काय सांगावे?

नामांकित अंगठीस वीस ते चाळीस हजार रुपये पडतात. दोन-तीन हजारांत दंडावर बांधण्याचे रक्तदाबमापक मिळते. चाळिशी ओलांडलेल्या कामगाराच्या घरात आधी ते यावे. ज्याच्याजवळ अंगठी आहेच, त्याला पुढील गोष्टी सांगाव्यात. एका दिवसाचा आकडा पाहू नये, दोन-तीन आठवड्यांचा कल पाहावा. अंगठीच्या आकड्यावरून कोणतेही औषध सुरू, बंद वा कमी-अधिक करू नये. छातीत दुखणे, धाप लागणे, एका बाजूचे हातपाय लुळे पडणे, अशा वेळी अंगठी काहीही दाखवो, तत्काळ रुग्णालय गाठावे. स्पंदने अनियमित असल्याचे ती वारंवार दाखवत असेल, तर ईसीजी करून घ्यावा. फिरत्या यंत्राजवळ आणि विद्युत् कामाच्या ठिकाणी ती काढून ठेवावी. अंगठी यंत्रात अडकून बोट गमावण्याचा धोका सोन्याच्या अंगठीइतकाच हिचाही आहे.

आमच्या रुग्णास रक्तदाबासाठी फिजिशियनकडे पाठवले, त्यांनी औषध सुरू केले. आपल्या बाजूने आहार आणि निद्राकाल यांची घडी बसवली. सहा आठवड्यांनी ते पुन्हा आले. अंगठी बोटात होतीच. मात्र मोबाईल खिशातच राहिला. “झोप कशी आहे?” असे विचारताच म्हणाले, “उठल्यावर डोकं जड नसतं आता.”

हे वाक्य कोणत्याही अंगठीला सांगता आले नसते. ते विचारणे आणि ऐकणे, हे आपले काम आहे.