लिनक्सच्या कॉम्प्युटरसाठी स्वस्त ग्राफिक्स कार्ड : पैसे देण्याआधी काय बघायचं?

आमच्या आपाचा मुलगा बारावीनंतर ॲनिमेशन शिकतोय. घरात ऑफिसातून निघालेला एक जुना, बारीक कॅबिनेटचा डेस्कटॉप आहे. त्यात सहाव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणून मीच त्या मशीनवर लिनक्स मिंट टाकून दिलं. मशीन हलकं झालं, सगळे खूश.

मग पोराने साठवलेली ईदी आणि अब्बूंनी वर घातलेले मिळून साडेचार हजार रुपये घेऊन बाजार गाठला आणि जीटी ७३० नावाचं कार्ड आणलं. बॉक्सवर मोठ्या अक्षरात '४ जीबी' लिहिलेलं. तीन आठवडे नीट चाललं. मग एक अपडेट आलं आणि रात्री फोन : "मामू, स्क्रीन काळी पडली."

दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला. म्हणाला, "कार्ड चालू आहे, तुमच्या लिनक्सचा प्रॉब्लेम आहे." तो खोटं बोलत नव्हता, कार्ड खरंच चालू होतं. पण साडेचार हजार तर गेले. असे पैसे आणखी कुठल्या घरातून जाऊ नयेत, म्हणून हा लेख.

आधी प्रश्न : कार्ड लागतं का?

बहुतेक घरांत कॉम्प्युटरवर ऑनलाइन फॉर्म, अभ्यास, यूट्यूब, टायपिंग, हिशेब आणि व्हिडिओ कॉल एवढंच चालतं. यासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. प्रोसेसरमध्येच असलेली ग्राफिक्स चिप पुरते. इंटेलची ही चिप लिनक्सवर कुठलाही ड्रायव्हर न टाकता चालते. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरमधली तर बऱ्यापैकी दमदार आहे.

मशीन संथ वाटत असेल तर आधी दोन गोष्टी तपासा : हार्डडिस्कच्या जागी एसएसडी आहे का, आणि रॅम किमान ८ जीबी आहे का. दहापैकी आठ वेळा लोक ज्याला 'ग्राफिक्सचा प्रॉब्लेम' म्हणतात तो जुन्या हार्डडिस्कचा असतो. एसएसडीने जो फरक पडेल तो स्वस्त कार्डाने पडणार नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' अक्षर असेल, उदाहरणार्थ आय-५ १२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स चिपच नसते. अशा मशीनला कार्ड लागणारच.

कार्डाची खरी गरज असते ती गेम, ब्लेंडरसारखं थ्रीडी काम, एआय शिकणं किंवा जास्त मॉनिटर लावणं यासाठी. व्हिडिओ एडिटिंगमध्ये मात्र घाई नको. लिनक्सवरच्या केडेनलाइव्हमध्ये बरंचसं काम प्रोसेसरच करतो.

लिनक्सवर ड्रायव्हर का महत्त्वाचा?

विंडोजवर सीडी टाकली किंवा फाइल डाउनलोड केली की ड्रायव्हर बसतो. लिनक्सची गोष्ट वेगळी आहे. इथे ड्रायव्हर कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, जोडलेला असतो आणि कर्नल सतत नवा होत राहतो. ड्रायव्हर कर्नलच्या आतच असेल तर दोघं बरोबर पुढे जातात. बाहेरून बसवलेला असेल तर प्रत्येक अपडेटला तो नव्या कर्नलशी जुळला पाहिजे. कंपनीने तो सुधारणं थांबवलं की एखाद्या दिवशी जुळत नाही आणि स्क्रीन काळी होते. भाच्याकडे हेच झालं होतं.

जीटी ७३० ची बहुतेक कार्डं एनव्हिडियाच्या केप्लर पिढीतली आहेत. तिच्यासाठी ड्रायव्हरची ४७० ही शेवटची मालिका, आणि २०२४ मध्ये तिचे अपडेट थांबले. त्याच नावाची काही कार्डं तर त्याहून जुन्या फर्मी चिपची आहेत. त्यांची ३९० मालिका २०२२ च्या अखेरीसच संपली. नाव एकच, बॉक्स नवा कोरा, आतली चिप मात्र दहा-बारा वर्षांपूर्वीची. त्यावरचं '४ जीबी' पाहून भुलू नका. चिपच अशक्त असेल तर मेमरी वाढवून काही होत नाही. लहान इंजिनाच्या गाडीला मोठी टाकी लावल्यासारखं आहे ते.

तीन कंपन्या, तीन स्वभाव

एएमडी : हिचा लिनक्स ड्रायव्हर खुला आहे आणि कर्नलमध्येच असतो. आरएक्स ५५० पासून पुढचं कुठलंही कार्ड लावा, मिंट किंवा उबुंटू सुरू करा, चालतं. काही डाउनलोड करायची गरज नाही. ज्या घरात बिघाड झाला तर बघणारं कुणी नाही, तिथे एएमडी हा सगळ्यात बिनघोर पर्याय. फक्त आर५ २३० सारखी फार जुनी कार्डं घेऊ नका. आजच्या गेमना व्हल्कन नावाची ग्राफिक्स प्रणाली लागते आणि या कार्डांवर ती चालतच नाही.

एनव्हिडिया : हिचा ड्रायव्हर वर्षानुवर्षं बंदिस्त होता. मे २०२२ मध्ये कंपनीने कर्नलला जोडणारा भाग खुला केला, पण तो ट्युरिंग पिढीपासून पुढे, म्हणजे जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० मालिकेपासूनच. त्याआधीच्या मॅक्सवेल आणि पास्कल, म्हणजे जीटीएक्स ७५०, ९०० मालिका, जीटी १०३० आणि १०५० टीआय, यांच्यासाठी ५८० ही शेवटची ड्रायव्हर मालिका आहे. ही कार्डं आज चालतात, पण आज जीटी ७३० ची जी गत आहे, त्याच वाटेवर तीही आहेत. नूवो नावाचा खुला ड्रायव्हर आहे, पण पास्कलच्या कार्डांवर तो चिपला पूर्ण वेग देऊ शकत नाही. तरीही ब्लेंडरमध्ये रेंडरिंग किंवा एआय शिकायचं असेल तर एनव्हिडियाच सोयीची पडते, कारण ते सॉफ्टवेअर तिच्या क्यूडा तंत्रावर बेतलेलं असतं.

इंटेल आर्क : ए३१० आणि ए३८० ही स्वस्त आणि नव्या चिपची कार्डं आहेत. ड्रायव्हर खुला आहे. कर्नल ६.२ किंवा नंतरचा लागतो. डेबियन १२ चा मूळ कर्नल ६.१ आहे, त्यावर अडचण येईल. दुसरी अट जास्त मोठी आहे. मदरबोर्डमध्ये 'रिसायझेबल बार' ही सोय नसेल तर आर्कचा वेग खूप पडतो. जुन्या ऑफिस पीसींत ती सहसा नसते. म्हणून जुन्या मशीनला आर्क घेऊ नये.

कॅबिनेट उघडून बघा

कार्ड निवडण्याआधी मशीनचं झाकण काढा. तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या.

१. पॉवर सप्लाय किती वॅटचा? त्याच्या स्टिकरवर आकडा असतो. ऑफिसच्या बारीक पीसींत तो सहसा २०० ते ३०० वॅटच्या आसपास असतो, आणि कार्डाला लागणारी ६ किंवा ८ पिनची वायर त्यात नसते.

२. कार्डाची खाच, म्हणजे स्लॉट, नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ७५ वॅट देते. काही बारीक पीसींत त्याहूनही कमी. म्हणून वेगळी वायर न लागणारंच कार्ड शोधायचं. दुकानात कुणी सांगेल की साध्या वायरवरून कन्व्हर्टर लावून देतो. नको म्हणा. अशा जुगाडात वायर तापून वितळू शकते.

३. कॅबिनेट बारीक असेल तर 'लो प्रोफाइल' म्हणजे निम्म्या उंचीचं कार्ड लागेल आणि त्यासोबत छोटी पट्टीही. कार्ड घेतानाच पट्टी मागून घ्या, नंतर एकटी पट्टी मिळत नाही.

कामाप्रमाणे कोणतं कार्ड?

किमती दर महिन्याला वरखाली होतात, म्हणून इथे स्वस्ताकडून महागाकडे क्रम देतो. त्या दिवसाचा भाव तुम्ही विचारा.

जास्त मॉनिटर आणि हलके जुने गेम : आरएक्स ५५०. साधारण ५० वॅट, वायर नको. पण यूट्यूब बहुतेक व्हिडिओ ज्या व्हीपी९ स्वरूपात पाठवतं, ते हे कार्ड स्वतः उलगडत नाही. तो भार प्रोसेसरवरच राहतो.

लहान मशीनमध्ये बऱ्यापैकी गेम : आरएक्स ६४००. ५३ वॅट, वायर नको, लो प्रोफाइल मिळतं. दोन उणिवा आहेत. ते स्लॉटच्या फक्त ४ मार्गिका वापरतं, त्यामुळे जुन्या मदरबोर्डवर वेग थोडा घटतो. शिवाय त्यात व्हिडिओ रेकॉर्ड करण्याची हार्डवेअर सोय नाही. गेम रेकॉर्ड करून चॅनेल चालवायचं असेल तर हे घेऊ नका.

गेम, रेकॉर्डिंग आणि थोडं ब्लेंडर : जीटीएक्स १६५०. ७५ वॅट. काही मॉडेलला वायर लागते, काहींना नाही, विचारून घ्या. ट्युरिंग पिढी असल्यामुळे ड्रायव्हर अजून चालू आहे.

ब्लेंडर आणि एआयचा अभ्यास : आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल. ७० वॅट, वायर नको. ८ जीबीचं मॉडेल वेगळं आहे, त्याला वायर लागते. दोन्हींचं नाव सारखं, बिलावर नीट वाचा.

मोठं कॅबिनेट आणि चांगला पॉवर सप्लाय असेल तर आरएक्स ६६००. १३२ वॅट, ८ जीबी, ८ पिनची वायर. लिनक्सवर गेमसाठी पैशाच्या मानाने उत्तम. जुनं आरएक्स ५८० याहून स्वस्तात मिळतं, पण ते १८५ वॅट खातं, आणि ब्लेंडरच्या सायकल्स रेंडरिंगला त्याचा उपयोग होत नाही.

मुलांचा हट्ट गेमसाठी असेल तर आधी तो गेम लिनक्सवर चालतो का हे बघा. स्टीममध्ये प्रोटॉन नावाची सोय २०१८ पासून आहे आणि तिच्यामुळे विंडोजचे हजारो गेम चालतात. प्रोटॉनडीबी या वेबसाइटवर प्रत्येक गेमची माहिती मिळते. पण व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही. त्याची चीटिंग रोखणारी यंत्रणा विंडोजच मागते. लाखाचं कार्ड लावलं तरी तो चालणार नाही. हे मुलाला खरेदीआधी सांगा, नंतरची भांडणं वाचतील.

सेकंडहँड घेताना

मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, शिवाय प्रत्येक शहरातली कॉम्प्युटरची गल्ली : जुनी कार्डं सगळीकडे मिळतात. त्यातली बरीच क्रिप्टो मायनिंगमध्ये रात्रंदिवस राबलेली आहेत. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं कार्डांवरचं मायनिंग बंद झालं आणि आरएक्स ५७०-५८० सारख्या कार्डांचा ढीग बाजारात आला. असं कार्ड वाईटच असेल असं नाही, पण पंखे हाताने फिरवून बघा. आवाज करतात का, डगमगतात का ते तपासा.

दुसरा धोका नकली कार्डाचा. जुन्या चिपवर नवं नाव चढवून विकतात. यावर लिनक्सचाच उपाय आहे. १६ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट टाकून दुकानात न्या. मिंट इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरून तसंच सुरू होतं. मग मेनूतून सिस्टिमची माहिती उघडा आणि सुरुवातीच्या नोंदींमध्ये चिपचं नाव बघा. एनव्हिडियाच्या चिपचं नाव 'जीएफ'ने सुरू होत असेल तर ती फर्मी, 'जीके' म्हणजे केप्लर, 'जीएम' म्हणजे मॅक्सवेल, 'जीपी' म्हणजे पास्कल, 'टीयू' म्हणजे ट्युरिंग. बॉक्सवर १६५० आणि आत 'जीएफ' दिसलं तर उठून यायचं. पेन ड्राइव्ह लावू द्यायला जो दुकानदार तयार नाही, त्याच्याकडून जुनं कार्ड घेऊच नका.

बसवताना

एएमडी आणि इंटेलला काही करावं लागत नाही. फक्त मॉनिटरची केबल मदरबोर्डमधून काढून कार्डाला लावा, अर्धे लोक हेच विसरतात. एनव्हिडियासाठी मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडून सुचवलेला ड्रायव्हर घ्या. कंपनीच्या वेबसाइटवरून फाइल आणून टाकू नका, पुढच्या अपडेटला तीच नडते. सिक्युअर बूट चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड विचारला जातो आणि रीस्टार्टनंतर निळी स्क्रीन येते. घाबरून ती बंद करू नका. 'एनरोल' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. तो दिला नाही तर ड्रायव्हर चालू होत नाही.

आणि अपडेटनंतर स्क्रीन काळी झालीच, तर मशीन सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून येणाऱ्या यादीतून आधीचा कर्नल निवडा. बहुतेक वेळा काम तिथेच सुटतं. भाच्याचं मशीनही त्या रात्री असंच सुरू झालं, सकाळी त्याला असाइनमेंट द्यायची होती.

पुढे आम्ही आधी एसएसडी आणि रॅम टाकली. मग तीन महिने थांबून पैसे जमवले आणि लो प्रोफाइलचं सेकंडहँड १६५० घेतलं, दुकानात पेन ड्राइव्ह लावून, 'टीयू' अक्षरं स्वतःच्या डोळ्यांनी वाचून. ते जीटी ७३० आपाने कपाटावर ठेवलंय. कुणी काही घ्यायला निघालं की ती त्याकडे बोट दाखवते आणि म्हणते, "आधी मामूला फोन कर."