दोन बटणं: ‘नंतर’ आणि ‘अलाउ’

न्हावा शेवा बंदरात उतरलेला कंटेनर ट्रेलरवर चढतो आणि मानकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर अशा गावांतल्या गोदामांत येऊन रिकामा होतो. भिवंडी तालुक्यातल्या कित्येक घरांच्या चुली या ये-जावर पेटतात. २७ जून २०१७ च्या संध्याकाळी ही साखळी बंदराच्या टोकाला अडखळली. तिथल्या ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ या टर्मिनलचं काम विस्कटलं. क्रेन मोडली नव्हती, संपही नव्हता. कॉम्प्युटर बंद पडले होते. कुठला कंटेनर कुणाचा, तो कोणत्या रांगेत लागलाय, हे विचारायला यंत्रच उरलं नाही आणि कागद-पेन घेऊन, हाताने काम करायची पाळी आली.

हे टर्मिनल चालवण्यात डेन्मार्कच्या मर्स्क समूहातली कंपनी होती आणि त्या दिवशी मर्स्कची जगभरातली ऑफिसं एकाच वेळी आंधळी झाली होती. ‘नॉटपेट्या’ या नावाने पुढे कुप्रसिद्ध झालेला हा हल्ला सुरू झाला युक्रेनमधून. आपल्याकडे टॅली, तसं तिकडे करभरणीसाठी ‘एम. ई. डॉक’ हे सॉफ्टवेअर सर्रास वापरलं जातं. हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटमध्येच विष कालवलं. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर दहाएक दिवसांत पुन्हा नव्याने उभे करावे लागले. कंपनीने सांगितलेलं नुकसान होतं २५ ते ३० कोटी डॉलर.

यातली चुटपुट लावणारी गोष्ट वेगळीच आहे. एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर उडी मारायला नॉटपेट्याने विंडोजमधलं जे भोक वापरलं, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिलं होतं. मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ या हल्ल्याने त्याच भोकातून जगभर धुमाकूळ घातला, म्हणजे दवंडीही पिटून झाली होती. तरी जूनमध्ये असंख्य कॉम्प्युटर तसेच उघडे होते. अर्थात नॉटपेट्या चोरलेले पासवर्ड वापरूनही पसरत होता, त्यामुळे एकदा तो आत शिरल्यावर अपडेट केलेली मशीनही त्यातून सुटली नाहीत. पण आधी उघड्या मशीनमध्ये शिरायचं आणि तिथले पासवर्ड घेऊन पुढे जायचं, अशी त्याची चाल होती.

मग अपडेटमधूनच विष आलं, तर अपडेट करायचंच कशाला, असा सवाल कुणी हटकून करतो. वाद घालायला तो बरा आहे. असं विषारी अपडेट वर्षानुवर्षांत एखादं निघतं; न केलेल्या अपडेटमुळे रोज कुणीतरी लुटलं जातं. स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘आता की नंतर’ असं विचारणारी चौकट आली की आपलं बोट सवयीने ‘नंतर’वर जातं. बऱ्याच घोटाळ्यांची सुरुवात तिथे आहे.

मर्स्कचं नशीब कसं उघडलं, हे तर वीज गेली की बोटं मोडणाऱ्यांनी जरूर वाचावं. कंपनीच्या सगळ्या नेटवर्कची ओळखपाळख ज्या मुख्य सर्व्हरांवर असते, ते जगभरातले सगळे पुसले गेले होते. एक तेवढा वाचला, आफ्रिकेतल्या घानामध्ये. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो नेटवर्कपासून तुटलेला होता. त्या एका प्रतीवरून सगळा डोलारा पुन्हा उभा राहिला. बॅकअप म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही: जी प्रत हल्ल्याच्या वेळी कॉम्प्युटरला जोडलेलीच नाही, तीच कामाची. हार्ड डिस्क कायम मागे लावून ठेवली, तर व्हायरस मूळ फाइलीबरोबर तिलाही खातो. आठवड्यातून एकदा जोडावी, प्रत घ्यावी, काढून कपाटात ठेवावी.

अंबाडी-वज्रेश्वरीच्या परिसरातल्या दिघाशीसारख्या गावात मोठाले सर्व्हर नसतात. कॉम्प्युटर असतो तो सेवा केंद्रात, ग्रामपंचायतीत, शाळेत. गोदामात सुपरवायझरी करणाऱ्या एखाद्याचा जुना लॅपटॉप असतो आणि फोन तर घरटी दोन-चार. पण सेवा केंद्राच्या त्या एका डब्यातून सातबारा निघतो, उत्पन्नाचा दाखला निघतो, पिकाचा विमा भरला जातो. गिऱ्हाईक आपलं आधार कार्ड व्हॉट्सॲपवर पाठवतं, प्रिंट निघते, पैसे देऊन माणूस घरी जातो आणि फाइल मात्र ‘डाउनलोड्स’मध्ये पडून राहते. वर्षभरात तिथे निम्म्या गावाची कुंडली साठलेली असते. चालकाने रोज संध्याकाळी ते फोल्डर रिकामं करावं. गिऱ्हाइकानेही, चालत असेल तिथे, मास्क्ड आधार द्यावं. आधारच्या संकेतस्थळावरून ते फुकट मिळतं आणि त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आपण दुकानात व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल, तर फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये जाऊन ते बंद केलं का, हेही बघावं.

अशा मशीनवर विंडोज कोणती आहे, हे तपासायला अर्धं मिनिट लागतं. कीबोर्डवरचं विंडोजचं चिन्ह आणि आर एकत्र दाबून ‘विनव्हर’ टाइप केलं की चौकटीत नाव येतं. तिथे विंडोज १० दिसली, तर १४ ऑक्टोबर २०२५ पासून तिच्यासाठीची नेहमीची सुरक्षा अपडेट बंद झाली आहेत. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत दिली आहे, तेवढीच. विंडोज ११ साधारण २०१८ च्या आधीच्या मशीनवर अधिकृतपणे चढत नाही. अशा जुन्या मशीनवर लिनक्स मिंट टाकावी. ती फुकट आहे आणि ब्राउझर, पत्रं, हिशेब एवढ्या कामाला पुरते. बायोमेट्रिक यंत्र जोडणाऱ्या सेवा केंद्राला मात्र त्याआधी यंत्राचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं का, हे विचारून घ्यावं लागेल. आणि गल्लीतला ‘क्रॅक’ मारून विंडोज देणारा? त्या क्रॅकसाठी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, यातच सगळं आलं.

अँटीव्हायरसचा विषय निघालाच आहे, तर या धंद्यातलं एक मोठं नाव मराठी आहे. कैलाश काटकर हे मूळचे सातारा जिल्ह्यातले. दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता ते कॉम्प्युटर दुरुस्तीत शिरले. व्हायरस लागलेली मशीन वारंवार परत येताना पाहून धाकटे बंधू संजय यांनी ती साफ करणारे प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातून नव्वदच्या दशकात ‘क्विक हील’ उभं राहिलं. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारातही आली. आज घरच्या साध्या वापराला विंडोजबरोबर येणारा डिफेंडर पुरतो. विकत घ्यायचाच तर एकच घ्यावा. दोन अँटीव्हायरस एकमेकांशीच भांडतात.

फोनची तऱ्हा निराळी. तिथे चोर कुलूप फोडत बसत नाही, दार आपण उघडतो. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका आली. ती उघडली आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. पत्रिका म्हणजे फोटो नव्हता, एपीके फाइल होती, म्हणजे चक्क एक ॲप. अशी फाइल दाबली की अँड्रॉइड आधी बजावतो, हे ॲप अनोळखी ठिकाणाहून आलंय. माणूस घाईत पुढे जातो. मग ॲप मेसेज वाचायची परवानगी मागतं. लग्नाच्या पत्रिकेला आपले मेसेज कशाला वाचायचेत, हा प्रश्न डोक्यात येण्याआधी ‘अलाउ’ दाबलेलं असतं आणि त्यानंतर येणारा प्रत्येक ओटीपी चोरालाही दिसतो. पत्रिकेच्या जागी कधी ट्रॅफिकचं चलन असतं, कधी पीएम किसानची यादी. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके ही तीन अक्षरं दिसली, की पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी उघडू नये. त्याचाच फोन आधी फसलेला असू शकतो.

लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झालं, तेव्हा बनावट संकेतस्थळंही उगवली. सरकारी पत्त्याचा शेवट सहसा ‘जीओव्ही डॉट इन’ असा असतो. नावात आधी काय लिहिलंय यापेक्षा हा शेवट बघायचा.

इंटरनेटच्या तक्रारी मात्र निम्म्या गैरसमजातून येतात. ‘१०० एमबीपीएस’चा प्लॅन घेतला आणि पिक्चर सेकंदाला बाराच एमबीने उतरतोय, म्हणजे कंपनीने फसवलं असं नाही, प्लॅनचा आकडा बिटमध्ये असतो, फाइलचा बाइटमध्ये, आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. घराच्या मागच्या खोलीत नेट मिळत नसेल, तर राउटर दाराशी जमिनीवर न ठेवता मधल्या खोलीत उंचावर ठेवून बघावा. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ लिहिलेला लाल दिवा लुकलुकत असेल, तर डबा कितीही वेळा बंद-चालू करून उपयोग नाही. बाहेरून प्रकाशच येत नाही. वायर कुठे तरी तुटली किंवा निसटली आहे. अशा वेळी कंपनीकडे तक्रार करून तिचा क्रमांक लिहून घ्यावा. दाद लागली नाही, तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत.

अशा फसवणुकीत पैसे गेलेच, तर आधी फसलेल्या फोनचं नेट बंद करावं आणि दुसऱ्या फोनवरून १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक लावावा. पैसा चोराच्या पहिल्या खात्यातून पुढे सरकायच्या आत तो गोठवता येतो, म्हणून इथे दिवस नाही, मिनिटं मोजायची. त्यानंतर बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरवलं होतं, की चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा प्रकरणात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर तोट्याचा बोजा पडत नाही. ओटीपी आपणच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं.