वही कुणासाठी लिहायची?

वर्सोव्याला राहणारी माझी मावशी जवळजवळ चाळीस वर्षे रोजनिशी लिहीत होती. ती गेल्यावर खोली आवरताना ट्रंकेतून वह्यांची चळत निघाली. "एवढं कोण वाचणार? रद्दीत घाला," असे घरातल्याच एकाने म्हटले. मला त्याचा राग आला नाही. हाच प्रश्न स्वतःला विचारून मीही लिहिणे सोडले होते. आपण काही थोर माणसे नव्हे; आपले रोजचे रडगाणे लिहून कुणाचे भले होणार?

थोरपणाचेच म्हणाल, तर वरसईचे विष्णुभट गोडसे कुठे थोर होते? घरची गरिबी फिटावी म्हणून दक्षिणेच्या आशेने ते उत्तरेकडे गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. परत आल्यावर कितीतरी वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहाखातर त्यांनी ते सारे लिहून काढले. वैद्यांनी १९०७ साली 'माझा प्रवास' प्रसिद्ध केले. कोणी आग्रह केला नसता, तर एका भिक्षुकाने पाहिलेली झाशी त्याच्याबरोबरच गेली असती.

आपल्या वाट्याला झाशी येत नाही, हे खरे. मावशीच्या वह्यांत तरी काय होते? बोंबलांचा भाव, पाणी न आल्याचे दिवस, नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात पाहिलेल्या सजवलेल्या होड्या. पण ८ जून २०१४ च्या पानावर मी थबकले. त्या दिवशी वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाली. मावशीने लिहिले होते, 'आता ताई अर्ध्या तासात येईल.' ताई म्हणजे माझी आई. पुढची दोन वर्षे मी पान पान चाळली. आई दोनदा आली होती. मी एकदा. गाडी अर्ध्या तासाची झाली, पण आम्हाला सवड झाली नाही. मावशीने तोंडाने कधी तक्रार केली नाही आणि वहीतही नाही. नुसत्या तारखा होत्या.

लिहिण्याचे मोल मला त्या तारखांनी शिकवले. आठवण आपल्या सोयीने बदलते. त्याच दिवशी लिहिलेली ओळ बदलत नाही. मला तर आपण मावशीकडे वरचेवर जात होतो, असेच वाटत होते! म्हणून लिहायचेच तर भाव, नावे, तारीख लिहावी. दुसऱ्याची उणीदुणी आणि स्वतःची कौतुके थोडी कमी करावीत. वाचणारा भेटेलच असे नाही. न भेटला, तरी दिवसाकाठी पाच मिनिटे आपण स्वतःशी खरे बोललो, एवढे पदरी पडतेच.

वह्या मी घरी आणल्या. रात्री नवी वही काढून तारीख घातली आणि पहिली ओळ लिहिली : 'रविवारी आईकडे जायचे.'