लाराची घाई

२००९ साली बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या लुकास दोन्त नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने वर्तमानपत्रात एक बातमी वाचली. बॅले शिकणाऱ्या एका शाळकरी ट्रान्स मुलीला मुलींच्या वर्गात जायचं होतं आणि शाळा तिला जाऊ देत नव्हती. जन्माच्या नोंदीत मुलगा, म्हणून नाचाच्या वर्गातही मुलगा, असा शाळेचा हिशेब होता. नोरा मोन्सकूर हे त्या मुलीचं नाव. दोन्तने तिला गाठलं. तिच्यावर माहितीपट करायची त्याची इच्छा होती, पण तिला कॅमेऱ्यासमोर यायचं नव्हतं. ओळख मात्र टिकली, मैत्री झाली आणि पुढे नऊ वर्षांनी त्या मैत्रीतून ‘गर्ल’ हा कथापट उभा राहिला. मे २०१८ मध्ये कान महोत्सवात तो दाखवला गेला. पहिल्याच चित्रपटासाठी दिला जाणारा ‘कॅमेरा द’ऑर’ दोन्तला मिळाला. ‘अँ सर्तां रगार’ या विभागात अभिनयाचा पुरस्कार लाराची भूमिका करणाऱ्या व्हिक्टर पोल्स्टरने पटकावला. तेव्हा तो सोळा वर्षांचाही नव्हता.

चित्रपटाची गोष्ट दोन ओळींत सांगता येते. पंधरा वर्षांची लारा एका नामवंत नृत्यशाळेत आठ आठवड्यांच्या अटीवर दाखल होते. या आठवड्यांत तिने मुलींच्या बरोबरीने नाचून दाखवायचं आहे. टॅक्सी चालवणारा बाप आणि धाकटा भाऊ मिलो असं सगळं बिऱ्हाड तिच्यासाठी शाळेजवळ हलतं. दुसरीकडे तिचे वैद्यकीय उपचार सुरू असतात आणि पुढे होणाऱ्या शस्त्रक्रियेकडे ती डोळे लावून बसलेली असते.

अशी गोष्ट म्हटली की आपण एका खलनायकाची वाट पाहू लागतो. हट्टी बाप, कुत्सित डॉक्टर, दार लावून घेणारी शाळा, यांपैकी कुणीतरी येणारच असं वाटतं. इथे कुणीच येत नाही. बाप तिच्याबरोबर प्रत्येक तपासणीला जातो. डॉक्टर शांतपणे, पुन्हा पुन्हा समजावतात. शाळेने तिला आत घेतलेलं आहे. आणि तरीही लारा तिळतिळ झिजत जाते. मला या चित्रपटाचं सगळ्यात मोठं धाडस इथेच दिसतं. सगळी माणसं चांगली असूनही एखाद्या मुलीचं दुःख तसंच राहू शकतं, ही गोष्ट तो झाकून ठेवत नाही.

ती का झिजते, हे समजायला बॅलेकडे थोडं जवळून पाहावं लागतं. बोटांच्या टोकांवर तोललेली नर्तिका हे बॅलेचं जगाला ठाऊक असलेलं रूप १८३२ पासूनचं. त्या वर्षी पॅरिसमध्ये मारी तालिओनी ‘ला सिल्फिद’मध्ये टोकांवर नाचली. ते नृत्य तिच्या वडिलांनी, फिलिपो तालिओनींनी बसवलं होतं आणि लेकीकडून कठोर मेहनतही त्यांनीच करून घेतली होती. तेव्हापासून टोकांवरचा नाच बाईचा आणि उंच उड्या, हवेतल्या गिरक्या, जोडीदारणीला उचलून धरणं पुरुषाचं, अशी वाटणी पक्की होत गेली. टोकांवर उभं राहायला लागणारा पॉइंट शू बाहेरून रेशमी दिसतो. आत कापड, कागद आणि खळ यांचे थर देऊन कडक केलेली टोपी असते आणि तळव्याखाली ताठ पट्टी. सगळ्या शरीराचं वजन बोटांच्या टोकांवर येतं. साधारणपणे मुली अकरा-बारा वर्षांच्या झाल्या, घोटे आणि तळवे पुरेसे मजबूत झाले की त्यांना हे बूट मिळतात. त्याआधी काही वर्षं पायाची तयारी झालेली असते. मुलग्यांच्या वर्गात ही तयारी सहसा होत नाही.

लारा पंधराव्या वर्षी सुरुवात करते. चार वर्षांचा अभ्यास तिला काही आठवड्यांत भरून काढायचा आहे. पावलं मोठी झाली आहेत, हाडं ठरून गेली आहेत. शिक्षिका तिच्यासाठी जादा वेळ देतात, पण लाडात घेत नाहीत. सराव संपल्यावर बुटातून बाहेर आलेली रक्ताळलेली बोटं कॅमेरा दाखवतो.

वैद्यकशास्त्र मात्र तिला उलट सांगत असतं. किशोरवयीन ट्रान्स मुलांना वयात येणं थांबवून धरणारी औषधं देण्याची पद्धत बेल्जियमच्या शेजारी, नेदरलँड्समध्ये १९९० च्या दशकात आकाराला आली. आधी ही औषधं, मग सोळाच्या आसपास संप्रेरकं, शस्त्रक्रिया सज्ञान झाल्यावर, असा तो क्रम. मुलाला विचार करायला अवधी मिळावा, हा हेतू. (गेल्या काही वर्षांत या औषधांवरून युरोपात मोठा वाद झाला आहे आणि इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०२४ मध्ये ती नेहमीच्या उपचारांतून काढून टाकली.) म्हणजे दवाखान्यात लाराला सगळे सांगतात, थांब, वेळ आहे. नृत्यशाळेत प्रत्येक तास सांगतो, तुला उशीर झाला आहे. ही दोन घड्याळं एकाच शरीरात चालू आहेत. वर्गात अंग झाकता यावं म्हणून ती चिकटपट्टी लावते, त्याने जखमा होतात. जेवण सुटतं. अंगात ताकद उरली नाही, म्हणून डॉक्टर शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. जिच्यासाठी तिने सगळं सोसलं तीच तारीख त्या सोसण्यामुळे लांबते.

मुलींचं वागणंही दोन्तने बारकाईने टिपलं आहे. शाळेत लाराला डोळे मिटायला सांगून मुलींना विचारलं जातं, कपडे बदलायच्या खोलीत ही आलेली कुणाला चालणार नाही का? विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नाही. पण बाकी कुणालाही असं डोळे मिटून बसावं लागत नाही. पुढे एका मुक्कामाच्या रात्री त्याच मैत्रिणी तिला घेरून शरीर दाखवायला भाग पाडतात. घरात चिडलेला मिलो तिला जुन्या नावाने हाक मारतो, तो क्षणही असाच लागतो.

बापाचं काम आरिए वोर्थाल्टरने केलं आहे आणि माझ्या मते चित्रपटाचा कणा तोच आहे. तो मुलीला खोदून खोदून विचारतो, ती ‘ठीक आहे’ एवढंच म्हणते. तू मुलगी आहेसच, ती होण्यासाठी वाट पाहायची गरज नाही, हे तो तिला पटवू पाहतो. तिला ते पटत नाही. किशोरवयीन लेकराच्या बंद दाराबाहेर उभ्या असलेल्या कुठल्याही आईबापाला ही दृश्यं ओळखीची वाटतील.

पोल्स्टर हा अँटवर्पच्या बॅले शाळेचा विद्यार्थी. मुलगा. भूमिकेसाठी मुलं, मुली, ट्रान्स मुलं अशी शेकडोंची चाचणी झाली, पण नाच आणि अभिनय दोन्ही पेलणारं कुणी सापडेना. शेवटी समूहनृत्यासाठी नर्तक निवडताना तो दिसला. टोकांवरचा नाच त्यालाही नव्यानेच शिकावा लागला, त्यामुळे लाराची धडपड पडद्यावर खोटी वाटत नाही. नृत्यं सिदी लार्बी शेरकावीने बसवली. तो तेव्हा फ्लँडर्सच्या रॉयल बॅलेचा कलासंचालक होता. फ्रँक व्हान डेन एडेनचा कॅमेरा नाचाच्या वेळी चेहरा आणि खांद्यांजवळच फिरतो. नाच कसा दिसतो यापेक्षा तो अंगावर कसा येतो हे आपल्याला कळतं.

आपल्याकडे रवी जाधव यांच्या ‘नटरंग’ने नाचासाठी बदलावं लागणारं शरीर दाखवलं होतं. पैलवानी अंगाचा गुणा नाच्या होण्यासाठी शरीर उतरवतो आणि त्यासाठी अतुल कुलकर्णी यांनी स्वतःचं शरीर खरोखर घडवलं आणि मोडलं. पण गुणा पुरुष आहे, तो कलेसाठी बाईची भूमिका घेतो. लारा कुठलीही भूमिका घेत नाही. ती मुलगीच आहे. हा फरक सांगणं मला गरजेचं वाटतं, कारण आपल्या रंगभूमीच्या परंपरेतून आलेला प्रेक्षक या दोन गोष्टी सहज एक करून टाकतो.

‘गर्ल’वर कडाडून टीका झाली, तीही ट्रान्स समीक्षकांकडून. लारा ट्रान्स कलाकाराने का केली नाही, हा पहिला प्रश्न. दुसरा त्याहून टोचणारा होता. कॅमेरा तिच्या उघड्या शरीराकडे इतक्या वेळा, इतक्या कुतूहलाने का वळतो? आणि शेवट. तारीख लांबल्यावर लारा हताश होऊन स्वतःच्या शरीराला भयंकर इजा करते. ट्रान्स माणसाची कथा वेदनेच्या आणि शरीराच्या पलीकडे जाऊच नये का, असं टीकाकार विचारत होते. २०१९ मध्ये अमेरिकेत नेटफ्लिक्सवर तो आला, तेव्हा आधी इशारा द्यावा लागला.

चित्रपटाच्या बाजूने उभी राहिली ती स्वतः नोरा मोन्सकूर. डिसेंबर २०१८ मध्ये ‘द हॉलीवूड रिपोर्टर’मध्ये लिहून तिने सांगितलं, की हा चित्रपट तिची कथा सांगतो आणि तिच्या मनातले काळोखे विचार त्यात खरे उतरले आहेत.

नोराचं म्हणणं मी मानते. जिने हे भोगलं तिला आपली वेदना दाखवू नकोस असं सांगायचा अधिकार कुणालाही नाही. तरीही शेवटाबद्दलची तक्रार मला रास्त वाटते, आणि कारण वेगळं आहे. त्या भयंकर प्रसंगानंतर चित्रपट लवकरच पुढे उडी मारतो. केस कापलेली, शांत चेहऱ्याची लारा चालत येताना दिसते आणि पडदा काळा होतो. मधलं काय झालं? बापाने काय सोसलं, लारा पुन्हा नाचली का, तिची घाई कशी निवली? दीड तासाहून अधिक वेळ तिच्या प्रत्येक श्वासाजवळ राहिलेला दिग्दर्शक नेमका तिला सावरताना दूर गेला. लाराच्या वयाचं एखादं मूल हे पाहत असेल, तर त्याला हाच भाग सगळ्यात जास्त हवा होता.

‘गर्ल’ आला त्याच वर्षी १ जानेवारीला बेल्जियममध्ये नवा कायदा लागू झाला. त्याआधी, २००७ च्या कायद्यानुसार, कागदावर स्त्री किंवा पुरुष अशी नोंद बदलायची तर प्रजननक्षमता कायमची गमवावी लागत असे. ती अट गेली. सोळा वर्षांच्या मुलांनाही पालकांच्या संमतीने आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या पत्रावर नोंद बदलता येऊ लागली. म्हणजे लाराहून जेमतेम वर्षभराने मोठ्या मुलीला कागदासाठी तरी शस्त्रक्रियेची वाट पाहायची गरज उरली नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला होता.

नोराने पुढे बॅले सोडून समकालीन नृत्याची वाट धरली. दोन्तने २०२२ मध्ये दोन मुलग्यांच्या मैत्रीवर ‘क्लोज’ केला आणि त्यालाही कानमध्ये मोठा सन्मान मिळाला.

‘गर्ल’ पाहणाऱ्यांनी त्याच्या जोडीने सेबास्तियां लिफशित्झ यांचा २०२० चा फ्रेंच माहितीपट ‘पतित फीय’ जरूर पाहावा. त्यात सातआठ वर्षांची एक ट्रान्स मुलगी आहे. तिलाही बॅलेचंच वेड आहे आणि शिक्षिकेने तिला वर्गाबाहेर काढल्याचं तिची आई सांगते. तिथे शेवट शरीराशी येत नाही. आई शाळेशी भांडते, पॅरिसच्या डॉक्टरांकडे खेटे घालते आणि लेकीला मुलीच्या पोशाखात शाळेत जाता यावं, एवढी साधी गोष्ट मिळवते.